घाट चढणाऱ्या त्या सायकली : पसरणीचा चढ कसा जमतो अन् उतार घात का करतो?

वाई : पावसाळा ओसरला की वाई तालुक्यातल्या लोकांना रविवारचं एक दृश्य आता सवयीचं झालं आहे. फटफटायच्या आत पसरणी गावातून घाटाकडे सायकलींची रांग लागते. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत कपडे, सीटखाली लुकलुकणारा लाल दिवा. चहाच्या टपरीवर थांबले की पहिला प्रश्न ठरलेला : "पाव्हणं, कुठनं म्हणायचं?" आणि लगेच दुसरा : "केवढ्याची सायकल?" बऱ्यापैकी रोड सायकलची सुरुवातच पंचवीस-तीस हजारांपासून होते आणि वर लाखांत जाते. आकडा ऐकला की "एवढ्यात जुनी मोटारसायकल आली असती की," असं कुणीतरी म्हणतंच.

पण आता हे फक्त पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचं राहिलेलं नाही. वाई, मेढा, सातारा भागातली पोरंही गिअरच्या सायकली घेऊन घाटाला भिडायला लागली आहेत. कुणी भरतीच्या तयारीसाठी, कुणी वजन उतरवायला, कुणी नुसतं रील काढायला. चढताना सगळे सारखेच धापा टाकतात, त्यात फारसं बिघडत नाही. बिघडतं ते उतरताना. चढायला सव्वा तास लागलेला घाट वीस मिनिटांत उतरता येतो, आणि त्या वीस मिनिटांत काय करायचं हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

घाट आहे तरी केवढा?

वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, पाचगणी १३०० मीटरच्या आसपास. मधला घाटरस्ता साधारण १२ किलोमीटरचा. म्हणजे १२ किलोमीटर जाताना ६०० मीटर उंची चढायची. हिशोब केला तर शंभर मीटर पुढं जाताना पाच मीटर वर. सायकलवाले याला पाच टक्क्यांचा चढ म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे पाच टक्के सलग बारा किलोमीटर सोसायचे असतात आणि मध्ये सपाट तुकडा फारसा मिळत नाही.

जुने घाटरस्ते बैलगाडीला झेपतील अशा बेताने डोंगराला वळसे घालत नेलेले असतात. म्हणूनच ते सायकललाही मानवतात. शिवारातल्या कच्च्या रस्त्याचा किंवा गडाच्या वाटेचा चढ याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतो, तिथं सायकल हातात धरून चालावं लागतं.

आपला सह्याद्री तसा ठेंगणा डोंगर. राज्यातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १६४६ मीटरच. हिमालयात हवा विरळ होते म्हणून दम लागतो, तसं इथं काही नाही. पाचगणीच्या उंचीवर निरोगी माणसाला हवा कमी पडत नाही. दम लागतो तो चढाचा आणि बऱ्याचदा पहिल्या दोन किलोमीटरमध्ये दाखवलेल्या हौसेचा. शाहीर साबळ्यांचं हे पसरणी गाव सोडलं की जो पोरगा उभा राहून पायडल मारत सुटतो, तो चौथ्या-पाचव्या किलोमीटरला कठड्यावर बसलेला दिसतो, असा इथल्या लोकांचा अनुभव.

सगळी करामत गिअरची

मग पन्नाशी ओलांडलेली माणसं न थांबता वर कशी जातात? त्यांच्या मांड्यांत काही वेगळं नसतं, फरक दातऱ्यांचा असतो.

आपली जुनी काळी सायकल घ्या. पायडलजवळच्या मोठ्या चक्राला साधारण ४४ दाते, मागच्या फ्रीव्हीलला १८. पायडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढं जाते. सपाटीला हे छान. पण चढावर ताशी दहा किलोमीटरच्या वेगाने जायचं तर मिनिटाला जेमतेम तीस फेरे पडतात आणि प्रत्येक फेऱ्याला अख्खं अंग पायडलवर टाकावं लागतं. गुडघे बोलायला लागतात.

रोड सायकलला पुढं ३४ दात्यांचं चक्र आणि मागं ३२ दात्यांचं, अशी जोडी लावता येते. तेव्हा एका फेऱ्याला सायकल फक्त सव्वादोन मीटर सरकते. वेग तोच दहाचा ठेवला तर मिनिटाला पंचाहत्तर फेरे मारावे लागतात, पण प्रत्येक फेरा हलका. एक पोतं एकदम उचलण्यापेक्षा घमेल्याघमेल्याने माल वाहिला तर माणूस दिवसभर टिकतो, तसंच हे. काम तेवढंच, फक्त तुकडे बारीक.

गिअर कधी बदलायचा यातही पुष्कळ पोरं चुकतात. चढ सुरू होऊन पाय अडकल्यावर खटका दाबला तर चेनवर सगळा ताण असतो. ती कडकड करते, कधी उतरते, कधी तुटते. चढ दिसला की त्याच्या आधीच, पाय मोकळे असताना हलका गिअर टाकायचा. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको, लोड आल्यावर गिअर बदलत बसलं की काय होतं ते त्याला ठाऊक आहे.

खाण्याचंही थोडं सांगायला हवं, कारण उपाशीपोटी घाटाला जाणारे कमी नाहीत. माणूस आणि सायकल मिळून ८५ किलो धरलं तर ६०० मीटर वर न्यायला शरीराची साधारण पाचशे-सहाशे कॅलरी खर्ची पडते. म्हणजे जवळपास तीन भाकऱ्यांचा ऐवज. सकाळी नुसत्या चहावर निघालेला माणूस पाचगणीच्या अलीकडं गळपटतो, डोळ्यांपुढं अंधारी येते. एक-दोन केळी, गुळ-शेंगदाण्याचा लाडू किंवा चिक्की, आणि बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी एवढं पुरतं. शहरातून येणारे त्यासाठी महागडी पाकिटं बाळगतात. त्यातही मुख्यतः साखर आणि मीठच असतं.

उतार : दीड लिटर पाणी उकळेल एवढी आग

आता मुद्द्याचं. चढताना जी ताकद घातली ती कुठं जात नाही, ती उंचीच्या रूपाने साठून राहते. उतरताना ती सगळी परत मिळते, मागितली नाही तरी. पसरणी घाटात पायडल न मारता नुसती सायकल सोडून दिली तरी ती ताशी पंचेचाळीस-पन्नासचा वेग सहज धरते. त्या वेगाला आवर घालायचा तर ती ताकद ब्रेकमध्येच जिरवावी लागते, आणि ब्रेकमध्ये तिची उष्णता होते. ८५ किलो वजन ६०० मीटर खाली आणताना तयार होणारी एकूण उष्णता दीड लिटर गार पाण्याला उकळी फोडेल एवढी असते. काही वारा खातो, पण ब्रेक दाबून धरणाऱ्याच्या सायकलवर मोठा वाटा त्या दोन रबरांच्या वाट्याला येतो.

रिमला घासणारे साधे ब्रेक असतील तर रिम तापते. सलग पाच-सात मिनिटं ब्रेक दाबून धरले तर हात लावला की चटका बसेल इतकी तापू शकते. मग आतली हवा फुगते, ट्यूब रिमकडच्या बाजूने नाजूक झालेली असेल तर फुटते, आणि तीही नेमकी उतारावर. रबरही तापून गुळगुळीत, काचेसारखं होतं आणि पकड सोडतं. डिस्क ब्रेक त्यापेक्षा बरे, पण तेही सलग दाबले तर मंद पडतात.

यावरचा उपाय ट्रकवाल्यांचाच आहे. ते घाट उतरताना खालचा गिअर टाकतात, ब्रेकवर पाय ठेवून बसत नाहीत. सायकलला इंजिन नाही म्हणून गिअरची मदत मिळत नाही. मग ब्रेक दाबा-सोडा, दाबा-सोडा असं करायचं. जोरात दाबून वेग पार खाली आणायचा, सोडून द्यायचं, थोडा वारा लागू द्यायचा, परत दाबायचं. अंग ताठ करून वाऱ्याला छाती द्यायची, वारा फुकटचा ब्रेक आहे. आणि अर्ध्या घाटात दोन मिनिटं थांबायला लाज वाटू द्यायची नाही. धोम धरणाचं पाणी बघायला सगळेच थांबतात, तेवढ्यात रिम गार होते.

पुढचा ब्रेक लावला की माणूस डोक्यावरून पडतो, ही गावोगाव पक्की समजूत. त्यामुळे कित्येक पोरांच्या सायकलचा पुढचा ब्रेक तुटलेलाच असतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. खरं तर ब्रेक मारला की सगळा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवायची खरी ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते. नुसता मागचा मारला की मागचं चाक अडकतं आणि सायकल आडवी सरकते. दोन्ही मिळून, पुढचा हळूहळू वाढवत, बूड सीटवर मागे सरकवून दाबायचा. फक्त ओल्यात, वाळूत किंवा वळण घेता घेता पुढचा ब्रेक करकचून मारायचा नाही. भाड्याची किंवा मित्राची सायकल असेल तर निघण्याआधी कोणता दांडा कोणत्या चाकाचा हे बघून घ्यावं. काही सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, काहींना डाव्या.

थांबायला किती जागा लागते तेही लक्षात घ्या. ताशी वीसने येणारी सायकल कोरड्या रस्त्यावर, ध्यानात येण्यापासून थांबेपर्यंत, साधारण दहा मीटर घेते. चाळीसने येणारी तीस मीटरच्या आसपास. घाटातल्या आंधळ्या वळणावर पुढचं दिसतंच पंधरा-वीस मीटर. म्हणजे चाळीसने वळणात शिरलेल्या माणसापुढं एसटी आली, माकड आलं किंवा दगड पडलेला असला तर थांबायला जागाच उरत नाही. हे नशिबाचं काम नाही, साधी वजाबाकी आहे.

म्हणून वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच वेग कमी करायचा. वळणात ब्रेक नाही. बाहेरच्या बाजूचं पायडल खाली, म्हणजे आतलं पायडल रस्त्याला टेकत नाही. नजर पुढच्या चाकावर नाही, वळणाच्या शेवटाकडं. आणि काहीही झालं तरी डावी बाजू सोडायची नाही. टीव्हीवर परदेशातल्या शर्यतीत सायकलवाले अख्खा रस्ता वापरून वळण कापताना दिसतात, पण तिथं रस्ता बंद केलेला असतो. आपल्याकडं समोरून महाबळेश्वरची गाडी येते.

हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याच्या बातम्या दर थंडीत येतातच. अशा सकाळी घामाने भिजलेल्या अंगाने उतरलं की पाच मिनिटांत बोटं बधिर होतात आणि ब्रेकचा दांडा दाबला जातोय की नाही तेच कळत नाही. हातमोजे नसतील तर जुने सायकलपटू एक युक्ती करतात, टपरीवरून जुनं वर्तमानपत्र मागून घ्यायचं आणि शर्टाच्या आत छातीला लावायचं. वारा अडतो. रद्दीचा याहून चांगला उपयोग नाही.

महाबळेश्वर, केळघर आणि पलीकडं

पाचगणीला परत फिरणारे बरेच. ज्यांना पुढं जायचं ते महाबळेश्वर गाठतात, वीसेक किलोमीटर, चढ-उतार मिसळलेला रस्ता, दोन्ही बाजूंना स्ट्रॉबेरीची शेतं. तिथून केळघर घाटाने साधारण सहाशे मीटर उतरून मेढा, आणि कुडाळ, पाचवड करत वाईला परत अशी शंभरेक किलोमीटरची फेरी होते. केळघरच्या बाजूला गर्दी कमी, झाडी दाट, म्हणून जाणकार याच फेरीची तारीफ करतात. पण सावली दाट म्हणजे ओल जास्त. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी. एवढ्या पावसाने रस्त्याच्या कडेला धरलेलं शेवाळ ऑक्टोबरातही पूर्ण वाळत नाही. पसरणीच्या उघड्या, उन्हाच्या रस्त्यावर सरावलेला माणूस तसाच केळघरला उतरायला गेला तर फसतो.

साताऱ्याकडच्यांचा आवडता रस्ता यवतेश्वर घाटाचा, कासकडं जाणारा. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला, त्यात कास पठार आहे. फुलांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, शनिवार-रविवारी या रस्त्यावर चारचाकींची एवढी रांग लागते की सायकलचा आनंद राहत नाही. सायकलला आठवड्याचा मधला वार बरा. पोलादपूरकडं उतरणारा आंबेनळी घाट पावसाळ्यात दरड कोसळून बंद पडतो, त्यामुळे निघायच्या आधी चौकशी केलेली बरी. आणि पुण्याहून येताना लागणारा खंबाटकी सायकलसाठी नाहीच म्हणून समजावं, कारण महामार्गाची जड वाहतूक अंगावरून जाते.

रस्त्यावरची मळणी आणि उसाच्या ट्रॉल्या

सायकलचा हंगाम म्हणजे ऑक्टोबर ते फेब्रुवारी. नेमका तोच सुगीचा आणि उसाचाही हंगाम. इथं गाव आणि सायकलवाले यांचा संबंध येतो, आणि कधी भांडणही होतं.

भात, नाचणी, सोयाबीन रस्त्यावर पसरून गाड्यांखाली मळून घ्यायची पद्धत जुनी आहे. खळ्यांच्या जागा गेल्या, मजूर मिळत नाहीत, शेतकऱ्याचीही अडचण खरी. पण रोड सायकलचा टायर दोन बोटं रुंद, पंचवीस-अठ्ठावीस मिलिमीटरचा असतो. सोयाबीनच्या दाण्यांवर तो गोट्यांवर सरकावा तसा सरकतो. दुचाकीवरची माणसं पडतात तीही यामुळेच. पसरायचंच असेल तर उताराच्या खाली आणि वळणाच्या पुढं पसरू नये, सरळ सपाट तुकडा निवडावा आणि शंभर पावलं आधी फांदी किंवा दगड नव्हे, तर रंगीत पोतं काठीला बांधून लावावं. काम झाल्यावर रस्त्यावर राखणीला ठेवलेले दगड उचलायचे राहून जातात, रात्री सगळ्यात जास्त घात तेच करतात.

ऊसवाहतुकीचंही तसंच. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर उतारावर हळू चालतो, बाहेर आलेली उसाची टोकं सायकलवाल्याच्या तोंडाच्या उंचीला असतात. पहाटे अंधारात मागे दिवा नसेल तर सायकलच्या छोट्या उजेडात ट्रॉली दिसते ती अगदी जवळ आल्यावर. ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायला फार पैसे लागत नाहीत. सायकलवाल्यानेही ट्रॉलीच्या मागे वारा चुकवत लटकत जाण्याचा मोह टाळावा. पोरं हे हमखास करतात, चढाला ट्रॉलीचा दांडा धरून फुकट वर जातात. ट्रॅक्टरने झटका दिला की चाकाखालीच.

घाटाचा एक नियम सगळ्यांना लागू आहे, पण शहरातल्या चालकांना तो माहीतच नसतो. अरुंद चढावर दोन वाहनं समोरासमोर आली तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. जीपवाले, एसटीवाले हा नियम पाळत आलेले आहेत. चढणारी सायकल तशीही दमलेली असते, थोडी डुलत जाते, सरळ रेषेत राहत नाही. तिला मागे टाकताना निदान दीड मीटर जागा सोडावी. समोरून वाहन येत असेल तर दहा सेकंद थांबावं, आणि अगदी कानाशी येऊन हॉर्न देऊ नये. दचकलेला माणूस नेमका उजवीकडं वळतो. लांबून एकदा छोटा हॉर्न दिला तर त्याचं काम होतं.

सायकलवाल्यांची चूकही सांगायला हवी. गप्पा मारत तीन-तीन जण शेजारी चालवतात, मागे एसटी अडकते, आतली कॉलेजची पोरं आणि बाजाराला निघालेल्या बाया ताटकळतात. घाटात एकामागे एकच चालावं. कानात गाणी लावून घाटात येणारा तर दरड पडल्याचा आवाजही ऐकणार नाही.

पंक्चरच्या दुकानात काय ठेवावं?

घाटाच्या पायथ्याला पंक्चरचं दुकान असणाऱ्यांसाठी ही माहिती कामाची. रोड सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह वेगळा असतो, काडीसारखा बारीक, टोकाला छोटा पेच. त्याला प्रेस्टा म्हणतात. मोटारसायकलचा नोझल त्यावर बसत नाही. जोर केला तर आतली पिन वाकते आणि ट्यूब कामातून जाते, मग बोलाचाली. पितळेचा एक छोटा अडॅप्टर मिळतो, फार तर चहा-वड्याच्या किमतीत. तो पेच सैल करून वर बसवला की नेहमीच्या कॉम्प्रेसरने हवा भरता येते. मोटारसायकलला तीस-पस्तीस पॉइंट हवा लागते, या बारीक टायरला बऱ्याचदा ऐंशीच्या घरात. टायरच्या कडेला किती ते छापलेलं असतं, त्याच्या वर जायचं नाही. गिऱ्हाइकालाच विचारून भरलेली बरी. सोबत ७०० आकाराच्या दोन-चार ट्यूबा ठेवल्या तर हंगामात पडून राहत नाहीत.

टपरीवाल्यांना हे लोक काय मागतात ते एव्हाना कळलंच आहे. केळी, उकडलेली अंडी, पोहे, चिक्की, साखरेचा चहा. पण सगळ्यात आधी दोन गोष्टी विचारतात, पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह. बायका मोठ्या संख्येने सायकलवर यायला लागल्यापासून दुसऱ्या गोष्टीची विचारणा वाढली आहे. ज्या हॉटेलात ती नीट आहे, तिथं पन्नास सायकलींचा जथा थांबतो, इतर टपऱ्या बघत राहतात.

रात्री दोनला चमकणारं जाकीट कुणाचं?

कधी कधी मध्यरात्री गावातून एकटा सायकलवाला जाताना दिसतो, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, पुढं-मागं दिवे. कुत्री उठतात, लोकही उठतात, संशय घेतात. हे बहुतेक 'ब्रेव्हे' नावाच्या लांब पल्ल्याच्या उपक्रमातले असतात. ही शर्यत नसते, नंबर नसतो, ठरलेल्या वेळेत अंतर पुरं करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० किलोमीटरला ४० तास. वाटेतल्या ठरावीक ठिकाणी पोचल्याचा पुरावा लागतो, म्हणून ते अवेळी तुमच्या हॉटेलचं बिल किंवा पेट्रोलपंपाची पावती मागतात. संशय घेण्यासारखं त्यात काही नाही. कुत्री आवरली तर मात्र मोठे उपकार. कुत्रं मागे लागलंच, तर सायकलवाल्याने पळण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये धरून उभं राहावं, बहुतेक कुत्री तिथंच गप्प होतात.

खरी शर्यत बघायची तर मुंबई-पुणे सायकल शर्यत. बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून गौरवतात. घाटात पाय बसलेल्या पोरांसाठी हा खेळ परका नाही. इचलकरंजीच्या पूजा दानोळेने खेलो इंडिया स्पर्धांत सायकलिंगमध्ये सुवर्णपदकं मिळवली. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी 'रॅम' ही शर्यत दोघांचा संघ म्हणून पूर्ण केली. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी अधिकृत स्पर्धेतलं प्रमाणपत्र आणि त्याची क्रीडा विभागाकडून पडताळणी लागते. इव्हेंटमधलं मेडल आणि त्यावरचा फोटो तिथं चालत नाही. एन्ट्री फी भरण्याआधी ही स्पर्धा राज्य संघटनेच्या यादीतली आहे का, हे जिल्हा क्रीडा कार्यालयात विचारून घ्यावं. बरीच पोरं हे नोकरीचा फॉर्म भरताना पहिल्यांदा ऐकतात.

पडलाच कुणी, तर

सायकलला हेल्मेटची कायद्याने सक्ती नाही, म्हणून गावाकडं कुणी घालत नाही. घाट उतरताना मात्र ते हवंच, आणि पट्टा हनुवटीखाली लावलेलं हवं. हँडलला अडकवलेल्या हेल्मेटचा उपयोग नाही.

घाटात कुणी पडलेला दिसला तर आधी वळणाच्या वरच्या बाजूला माणूस उभा करून येणाऱ्या गाड्या थांबवाव्यात, नाहीतर दुसरा अपघात होतो. माणूस मान दुखते म्हणत असेल किंवा बेशुद्ध असेल तर त्याला ओढून बसवू नये, पाणी पाजू नये, हेल्मेट ओढून काढू नये. श्वास चालू आहे का बघावं, रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड दाबून धरावं. पोलिसांचं झंझट मागे लागेल म्हणून लोक पुढं यायला कचरतात. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं, त्यानुसार अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, आणि त्याच्या इच्छेविरुद्ध त्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही.

रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. पसरणी घाटात काही वळणांवर मोबाइलला रेंज मिळत नाही. तिथं फोन लावत बसण्यापेक्षा खाली किंवा वर जाणाऱ्या पहिल्या गाडीला थांबवून निरोप द्यावा. आणि फोन लागला तर "घाटात आहे" एवढंच सांगू नये. बारा किलोमीटरच्या घाटात रुग्णवाहिका शोधत फिरते. जवळच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा वाचून सांगावा. तो नसेल तर वाईहून वर येताना कितवं मोठं वळण, आणि माणूस दरीच्या बाजूला आहे की डोंगराच्या, हे सांगावं.